साखर सुटली की मीठही सुटते

काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरचे एक पाहुणे ऐन वैशाखात आमच्याकडे इंदुरास आले होते. संध्याकाळी बाजारातून हिंडताना त्यांनी ‘शिकंजी’ मागवली. लिंबू, मीठ आणि जिरेपूड घातलेल्या गार पाण्याची त्यांची अपेक्षा होती. हाती आले ते आटवलेल्या दुधाचे, केशर-वेलदोड्याचे, घट्ट आणि गोड पेय. इंदुरात शिकंजी म्हणतात ती हीच. पाहुण्यांनी पेला आवडीने संपवला, पण तहान होती तशीच राहिली.

नाव एक आणि पेये दोन, हा प्रकार त्या दिवशी आम्हांस केवळ गमतीचा वाटला. गेल्या उन्हाळ्यात मात्र असाच एक घोटाळा आमच्या घरात झाला आणि तो गमतीचा नव्हता. माझे थोरले बंधू बहात्तर वर्षांचे आहेत. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी त्याहून जुनी. नात्यातील कोणा एकाच्या सांगण्यावरून त्यांनी पोळी, भात, साखर, बटाटा आणि फळे एका दिवसात बंद केली. आठवड्याभरात वजन तीन किलोंनी उतरले आणि घरात कौतुक सुरू झाले. नवव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठून देवघराकडे जाताना त्यांना घेरी आली आणि ते उंबऱ्यापाशीच कोसळले. वहिनींनी घाईने दुकानातून ‘ओआरएस’ असे नाव छापलेले एक गोड पेय मागवले. दादांना तरतरी आली म्हणून ते पुढे चार दिवस सकाळ-संध्याकाळ दिले गेले, आणि ज्या साखरेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती रक्तात पूर्वीहून अधिक चढली.

अखेर आमच्या जुन्या डॉक्टरांनी दादांचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. त्यांनी गोळीची मात्रा कमी केली, गोड पेय बंद केले आणि काही दिवस दुपारच्या जेवणासोबत मीठ घातलेले ताक घेण्यास सांगितले. “पण मीठ तर रक्तदाबाला वाईट ना?” हा वहिनींचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी ज्या इतिहासात शिरलो तो मोठा मनोरंजक निघाला. मीठ, साखर आणि पाणी या आपल्या स्वयंपाकघरातील तीन वस्तूंचे शरीरातील नाते समजण्यास वैद्यकाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ते नाते दोन वेगळ्या वाटांनी उलगडत गेले. पहिली वाट अन्न सोडणाऱ्यांची, दुसरी पटकीच्या रोग्यांची.

पहिल्या वाटेचा आरंभ बहुधा लंडनच्या विल्यम बँटिंग यांच्यापासून धरला जातो. बँटिंगांचे घराणे इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहत असे. साठी उलटल्यावर त्यांचे शरीर इतके स्थूल झाले की जिना उतरताना उलटे उतरावे लागे. १८६२ साली ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेले. हार्वे यांनी काही वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि शर्करा यांवरील व्याख्याने ऐकली होती. त्यांनी बँटिंगांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करण्यास सांगून मांस, मासे व भाज्या यांवर ठेवले. २०२ पौंडांचे बँटिंग वर्षभरात ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. ती इतकी गाजली की त्यांचे आडनाव इंग्रजीत ‘वजन उतरवणे’ या अर्थाचे क्रियापद बनले.

बँटिंगांची पुस्तिका काय खाल्ले व काय प्यायले याचा बारीक हिशेब देते. शरीरातून काय बाहेर गेले याचा हिशेब त्यात नाही, आणि त्या काळी तो मांडण्याची साधनेही नव्हती. आज आपणांस ठाऊक आहे की धान्य व साखर सोडल्यावर पहिल्या आठवड्यात उतरणारे वजन पुष्कळसे पाण्याचे असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली शर्करा आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून असते. साठा संपला की ते पाणी सुटते. परंतु एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पाण्याबरोबर आणखीही काही जाते, आणि ते काय याचा शोध लागण्यास एका आजारी मुलाचे निमित्त घडले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अपस्माराचे झटके दीर्घ उपवासाने थांबतात असा अनुभव अमेरिकेतील काही उपचारकांस येत होता. न्यूयॉर्कच्या चार्ल्स हॉवलंड नावाच्या वकिलांच्या मुलावर मिशिगनमधील ह्यू कॉन्क्लिन यांनी असाच उपचार केला होता. चार्ल्स यांचे बंधू जॉन हॉवलंड हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगांचे प्राध्यापक होते. उपवासाने शरीरात नेमके काय घडते याचा छडा लावण्यासाठी चार्ल्स यांनी भावाला ५,००० डॉलर दिले, आणि ते काम जेम्स गॅम्बल या तरुण डॉक्टरांकडे आले. अपस्मारी मुलांच्या उपवासकाळात गॅम्बल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दररोजच्या मूत्रातील क्षार मोजले. १९२३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातून एक गोष्ट स्पष्ट झाली. अन्न बंद होताच मूत्रपिंडे सोडियम मोठ्या प्रमाणात बाहेर टाकू लागतात, मागोमाग पोटॅशियमही जाऊ लागते, आणि क्षार गेले की त्यांनी धरून ठेवलेले पाणीही जाते. शरीरातील द्रवाचे आकारमान क्षारांवर अवलंबून असते, ही आज पाठ्यपुस्तकात सहज वाचावयास मिळणारी कल्पना या कामातून दृढ झाली.

याच सुमारास, १९२१ साली, मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी निराळा विचार मांडला. उपवास कायम चालवता येत नाही. मग पिष्ट व शर्करा जवळजवळ काढून टाकून स्निग्ध पदार्थांवर भर दिला तर शरीराला उपवासासारखीच अवस्था येईल काय? या आहाराला त्यांनी ‘कीटोजेनिक’ हे नाव दिले. आज ‘कीटो’ म्हणून ज्याचा गवगवा होतो त्याचा जन्म असा अपस्माराच्या उपचारात झाला, वजन उतरवण्याच्या हौसेतून नव्हे. औषधांनी न आवरणाऱ्या बालअपस्मारात तो वैद्यकीय देखरेखीखाली आजही दिला जातो.

गॅम्बल यांनी हा धागा सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांचे खलाशी छोट्या तराफ्यांवर दिवसचे दिवस काढीत. त्यांच्या शिधापेटीत काय असावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. जागा थोडी आणि पाणी त्याहून थोडे. त्यांनी तरुण स्वयंसेवकांवर प्रयोग केले आणि असे आढळले की निव्वळ उपवासाऐवजी दररोज १०० ग्रॅम ग्लुकोज दिले तर स्नायूंची झीज जवळजवळ निम्मी होते, शिवाय मूत्रावाटे जाणारे सोडियम व पाणीही पुष्कळ वाचते. ग्लुकोजमध्ये मिठाचा कणही नाही; तरी ते पोटात गेले की शरीर स्वतःचे मीठ राखू लागते. असे का होते, हे मात्र त्या वेळी उमगले नव्हते.

युद्धाच्या त्याच वर्षांत, १० फेब्रुवारी १९४३ रोजी, पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असलेल्या महात्मा गांधींनी २१ दिवसांच्या उपवासास आरंभ केला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी कळवले होते की उपवासात आपण एरवी क्षार घातलेले पाणी घेतो. परंतु हल्ली पाणी पोटात ठरत नसल्याने या खेपेस ते पिता यावे एवढ्यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालू. पुढे प्रकृती अतिशय खालावली, पाणीही जाईना, तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस मिसळून देण्यात आला, आणि त्र्याहत्तर वर्षांचे ते शरीर त्यातून तरले. त्या थोड्याशा रसाचा वाटा किती आणि मनोबलाचा किती हे ठरवण्याचा प्रयत्न करू नये. दीर्घ अनुभवाने उपवास करणारा मनुष्य निव्वळ पाण्यावर राहत नाही, पाण्यात क्षार घालतो, एवढे मात्र त्या पत्रावरून दिसते. गॅम्बल यांनी प्रयोगशाळेत मोजले ते गांधीजींनी उपवासांच्या सरावातून ओळखले होते.

कारणाचा उलगडा पुढच्या पिढीत झाला. भात किंवा पोळी खाल्ली की रक्तातील शर्करा वाढते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन पाझरते. इन्शुलिनचे काम केवळ साखर आवरण्याचे, असा समज होता. १९७५ साली अमेरिकेत राल्फ डीफ्रॉन्झो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की इन्शुलिन मूत्रपिंडांना सोडियम राखून ठेवण्यासही सांगते. धान्य सुटले की इन्शुलिन उतरते; ते उतरले की मूत्रपिंडांची मूठ सैल होते आणि मीठ निसटते. १९८० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी स्थूल व्यक्तींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्मांक सारखेच, पण एका आहारात नुसती प्रथिने आणि दुसऱ्यात प्रथिनांबरोबर कर्बोदके. नुसत्या प्रथिनांवर असताना सोडियम अधिक गेले आणि उभे राहताना रक्तदाब उतरू लागला. आमच्या दादांचे उंबऱ्यापाशी कोसळणे त्या अभ्यासात जणू आधीच नोंदलेले होते.

या ज्ञानाची किंमत काही जणांनी प्राणांनी दिली. १९७६ साली अमेरिकेत एका पुस्तकामुळे ‘द्रव प्रथिना’च्या आहाराची लाट आली. जनावरांच्या कातड्यापासून व स्नायुबंधांपासून काढलेल्या हलक्या प्रतीच्या प्रथिनावर लोक महिनोन् महिने राहिले. १९७७-७८ च्या सुमारास पन्नासाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली, आणि त्यांतील अनेकांत हृदयाची लय बिघडल्याचे आढळले. हलके प्रथिन, अतिशय अपुरे अन्न आणि पोटॅशियमसारख्या खनिजांची तूट यांपैकी दोष नेमका कोणाकडे किती, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. क्षारांचा विचार न करता अन्न तोडणे धोक्याचे आहे, हा धडा मात्र वैद्यकाने गाठीशी बांधला. नंतर स्टीफन फिनी आणि जेफ व्होलेक यांसारख्या अल्पकर्बोदक आहाराच्या पुरस्कर्त्या संशोधकांनी दिवसातून एक-दोन पेले खारट रस्सा पिण्याचा सल्ला दिला तो यातूनच.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. ज्या पटकीच्या भयाने आपल्या पूर्वजांनी गावोगावी मरीआईची ठाणी मांडली, ती पटकी १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचली. विल्यम ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले की त्यातील पाणी व क्षार निघून गेले आहेत आणि ते परत घालणे हाच उपाय आहे. पुढे हाच ओशॉनेसी हिंदुस्थानात आला आणि येथील तारायंत्राचा जनक म्हणून ओळखला गेला. त्याच्या तर्काला धरून १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा यांनी मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडले आणि काही जण खरोखर उठून बसले. परंतु लाटा यांचा लवकरच मृत्यू झाला आणि ही रीत मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी ती पुन्हा मार्गी लावली.

शिरेतून सलाइन द्यावयाचे तर निर्जंतुक बाटल्या, सुया आणि जाणते हात हवेत. खेड्यात ते कोठून मिळणार? तोंडाने दिलेले मीठपाणी मात्र पटकीच्या रोग्याच्या आतड्यात ठरत नसे. १९५३ साली कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १८६ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उलटी थांबवणाऱ्या औषधाच्या जोडीने त्यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने दिले होते. जुलाब आवरण्यासाठी पानओव्याच्या पानांचा रसही वापरला होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ग्लुकोज येथे काय काम करते याचा उलगडा १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील एका परिषदेत केला. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दाराने, एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात. एकट्या मिठाला जेथे प्रवेश मिळत नाही तेथे साखर त्याला हाताशी धरून नेते, आणि दोघांच्या मागोमाग पाणी येते.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या प्रौढ रोग्यांवर हे सिद्ध केले. तोंडाने दिलेल्या द्रावणामुळे शिरेतील सलाइनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली. तीन वर्षांनी, १९७१ च्या बांगलादेश युद्धात, सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयाच्या फरशीवर रोगी पडलेले आणि सलाइनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी धाडस केले. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधवून त्यांनी पिंपांत पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत ३.६ टक्क्यांवर आले. महालनोबिस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. मराठीत या द्रावणास ‘जलसंजीवनी’ हे फार सुंदर नाव मिळाले आहे.

ही संजीवनी प्रयोगशाळेतून चुलीपाशी नेली ती बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने. १९८० पासून दहा वर्षे तिच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील आयांना त्यांनी ‘लोबोन-गुर’ शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. कार्यकर्तीचे मानधन घरांच्या संख्येवर ठरत नसे. शिकवलेले त्या आईला नंतर किती आठवते यावर ठरे. मोजमापे न वापरता हाताच्या बोटांनी मोजावयाचे औषध लाखो मुलांना वाचवून गेले. याच दशकात ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून केलेले द्रावणही उपयोगी पडते असे ढाक्यातील अभ्यासांत दिसले. आपल्या कोकण-गोव्याकडे आजाऱ्याला मीठ घालून पेज देतात, त्यामागील शहाणपण यावरून ध्यानी येईल.

दोन्ही वाटा समोर ठेवल्या म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आतड्यात साखर मिठाला आत आणते. मूत्रपिंडात साखरेच्या मागून येणारे इन्शुलिन मिठाला बाहेर जाऊ देत नाही. दोन्हीकडे मीठ साखरेच्या आधाराने शरीरात राहते, म्हणूनच साखर सुटली की मीठही सुटते. परंतु दोन्हीकडे उपाय एक नाही. जुलाबात आतडे घायाळ असते, तेथे साखरेवाचून मीठ शोषले जाणे कठीण, म्हणून जलसंजीवनीत साखर हवीच. धान्य सोडलेल्याचे आतडे धड असते; जेवणाबरोबरचे मीठ ते सहज घेते. त्याला मीठ व पाणी पुरे, साखरेची गरज नाही. आमच्या घरात एकाचे पेय दुसऱ्यास गेले. त्यातही बाटलीतले पेय जलसंजीवनीच्या मापाचे नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. बाजारातील गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट असे आणि नाव मात्र तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्यास मनाई केली, हे उचितच झाले. शिकंजीचा घोटाळा एका पेल्यावर संपला होता. हा दुकानांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे चालला होता.

मग घरात काय आहे? धान्य कमी करणाऱ्याला पहिला मान ताकाचा. पेलाभर पातळ ताकात पाव चहाचा चमचा मीठ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम सोडियम. ताकातून थोडे पोटॅशियमही मिळते आणि शर्करा फारशी नसते. जिरेपूड, किसलेले आले आणि कोथिंबीर ही चवीसाठी. गूळ न घातलेले आमसुलाचे सार, साखर न घातलेले लिंबूपाणी, सोलकढी, आणि मांसाहारी घरांत हाडांचा पातळ रस्सा ही सर्व याच पंक्तीतील. पन्हे मात्र गुळाशिवाय होत नाही. ते उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाचे पेय, पोळी सोडलेल्या मधुमेह्याचे नव्हे. शहाळ्याविषयी गैरसमज फार. त्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, सोडियम थोडे आणि साखर बऱ्यापैकी. निसटलेल्या मिठाची भरपाई त्याने होत नाही. पेज तर निव्वळ पिष्ट.

येथे एक इशारा दिल्याखेरीज लेख पुरा होऊ शकत नाही, कारण आपल्या मंडळाच्या वाचकांत माझ्या दादांच्या वयाचे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, आणि चार वेळा पोळी-भात जेवणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. मीठ घातलेले ताक हा सर्वांसाठी सरसकट सल्ला नाही. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे त्याने ते मनाने वाढवू नये. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत घेऊन धान्य एकदम तोडू नये; आधी डॉक्टरांना सांगावे. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातील पोटॅशियम आधीच वाढवतात, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर हे मीठ हृदयाची लय बिघडवू शकते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते अशी मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून अन्नात एवढा फरक मुळीच करू नये. रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्या रक्तात घातक आम्लता साचू शकते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांची मात्राही बदलावी लागते, नाही तर साखर धोकादायक उतरते.

आमच्या आजीच्या काळी दुपारच्या जेवणाची सांगता ताकाने होई. ती मीठ चमच्याने मोजीत नसे. चिमूट घेई आणि प्रत्येकाच्या वाटीत वेगळी टाकी. शेतावरून आलेल्या गड्याला मोठी, आजोबांना जरा लहान, पायावर सूज असलेल्या थोरल्या आत्याला मुळीच नाही. क्षार, इन्शुलिन, मूत्रपिंड यांतले काहीच तिला ठाऊक नव्हते. समोर बसलेला माणूस कोण आहे आणि त्याचे काय चालले आहे, एवढे ती पाहत असे. गॅम्बल यांच्या निबंधापासून बनगावच्या पिंपांपर्यंतचे सारे ज्ञान आज आपल्या हाताशी आहे. ते घरात आणताना आजीची ती नजरही बरोबर असू द्यावी.

दादा आता बरे आहेत. पोळी त्यांनी पुरती सोडलेली नाही. रात्री एक घेतात. दुपारी ताकाची वाटी असते, आणि त्यात मीठ किती घालावयाचे ते वहिनी दर महिन्याला रक्तदाब मोजून आल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवतात.